मिठाची हाक

अंकुरणकक्षात शिरलं की उर्जिता घरत सगळ्यांत आधी मेलेल्यांना भेटायची.

मेलेले म्हणजे पहिल्या रांगेतल्या काचेच्या तबकांमधले साध्या भाताचे दाणे. ते मिठाच्या पाण्यात ठेवलेले असत. भोवती पाणीच पाणी, आणि दाणे मात्र आतून कोरडे ठणठणीत, रुसलेल्या पाहुण्यासारखे तोंड मिटून पडलेले. दुसऱ्या रांगेत तेच दाणे गोड्या पाण्यात. त्यांचे पांढरे कोंब एकमेकांच्या अंगावर पाय टाकून ऐसपैस पसरलेले. तिसऱ्या रांगेत खाऱ्या पाण्यातली 'लवणी', केंद्रानं खाऱ्या जमिनीसाठी घडवलेलं भात, नुसती माजलेली. आणि शेवटच्या रांगेत गोड्या पाण्यातली 'लवणी'. ती झोपलेली. केंद्र सुरू झालं त्या वर्षी भिजत घातलेली आणि अजून एक डोळासुद्धा न उघडलेली.

"काय मंडळी, आजही सुट्टी?" उर्जिता त्या तबकांवरून बोट फिरवत म्हणाली. उत्तर आलं नाही, म्हणजे सगळं ठीक होतं. ही रांग झोपलेली आहे तोवर आपणही झोपायला हरकत नाही, असं परुळेकर मॅडम म्हणायच्या. केंद्राच्या प्रमुख असलेल्या परुळेकर मॅडम उगाच वाक्यं टाकणाऱ्यांतल्या नव्हत्या.

समुद्र वर चढू लागला आणि किनाऱ्यावरची निम्मी भातशेती त्यानं गिळली, तेव्हा खाडीच्या तोंडाशी हे खारगोठे बीजकेंद्र उभं राहिलं. उर्जिता याच गावची. गावातली पहिली बीजवैज्ञानिक. नोकरीला लागून वर्ष होत आलं तरी गळ्यातलं ओळखपत्र ती अजून बाजारात जातानासुद्धा काढत नसे.

"ए उर्जे! तुझ्या या काचेच्या घराला दार कुठं हाय?"

बाहेर द्वारकाआत्या उभी होती. वडिलांची मोठी बहीण. नेसूचं लुगडं गुडघ्यापर्यंत चिखलानं माखलेलं, आणि हातात मुळासकट उपटलेलं भाताचं एक रोप.

"आत्या, पाय धुऊन ये गं! इथं सगळं निर्जंतुक आहे."

"ऱ्हाऊ दे तुझं निर्जंतुक. हे बघ. तुमचं भूत माझ्या शेतात आलंय."

उर्जिता हसली. रोप हातात घेतलं, आणि तिचं हसू जागच्या जागी वाळलं. पातीच्या पाठीवर बारीक पांढरे कण चमकत होते, साखर सांडावी तसे.

"चाट," आत्या म्हणाली.

उर्जितानं जीभ लावली. मीठ होतं.

तिनं पुन्हा चाटून पाहिलं. कारण आत्याचं शेत लवणी पेरलेल्या खाऱ्या पट्ट्यात नव्हतंच. ते बांधाच्या आत, गावच्या तळ्याला लागून, गोड्या जमिनीत होतं. आणि गोड्या जमिनीत लवणी उगवू शकत नाही. शकतच नाही. शेवटची रांग त्यासाठीच तर होती.

"अशक्य," परुळेकर मॅडम रोप भिंगाखाली धरत म्हणाल्या. मग त्यांनी भिंग पुसलं आणि रोप पुन्हा त्याखाली धरलं.

"बाई, अशक्य म्हणजे काय ते मना नीट सांगा," आत्या स्टुलावर बसत म्हणाली. "शेत माझं हाय. मना कळायला पायजे."

मॅडमनी चष्मा कपाळावर चढवला. "द्वारकाताई, लोणच्यासाठी कैरीच्या फोडींना मीठ लावलं की काय होतं?"

"पाणी सुटतं."

"ते पाणी फोडीतून मिठाकडे जातं. पाणी नेहमी जास्त मिठाकडे पळतं. साधं बी गोड्या मातीत पाणी पितं, कारण त्याच्या आतला रस बाहेरच्या पाण्यापेक्षा दाट असतो. खाऱ्या मातीत उलटं होतं. माती पाणी धरून ठेवते, सोडतच नाही. बी पाण्यात बसून तहानेनं मरतं. एखादं तगून उठलंच, तर मीठ मुळांतून वर चढतं, पात्यांची टोकं करपतात आणि रोप बसतं."

"ते मी जन्मभर बघितलंय. पुढं."

"पुढं लवणी," उर्जिता म्हणाली. हा तिचा आवडता धडा होता. "तिला मीठ बाधत नाही, आत्या. ती मीठ पिते आणि खाडीतल्या तिवराच्या झाडासारखं पानांवर बाहेर टाकते. तिची मुळं मीठ हुंगत खाली खाली जातात. आपण दर आठवड्याला तिची पाती कापून खाडीत धुतो, म्हणजे जमिनीतलं मीठ पातीवाटे परत समुद्रात जातं. असं करत करत जमीन गोड होते."

"आणि गोड झाली की मग? ही बया कायमची बसते का उरावर?"

"म्हणून तर क्षारकळ!" उर्जिता म्हणाली. "तिच्या दाण्याला आम्ही एक कळ बसवलीय. दाराला असते ना, तशी. मिठाचं पाणी लागलं तरच ती उघडते. गोड्या पाण्यात दाणा कितीही भिजू दे, झोपून राहतो. जमीन गोड झाली की लवणी आपोआप संपते. ती गोड्या शेतात शिरूच शकत नाही."

आत्यानं भिंगाखालच्या रोपाकडे पाहिलं. मग भाचीकडे. "शिरलीय," ती म्हणाली.

तिघी आत्याच्या शेतावर गेल्या. पावसानं दडी मारली होती; श्रावण असून ऊन चैत्रासारखं होतं. मॅडमनी पाहणीभिंगरी हवेत सोडली. ती भुणभुणत शेतावर तरंगू लागली आणि हातातल्या पाटीवर वरून दिसणारं चित्र उमटलं. हिरव्या शेतात तीन पांढरट वर्तुळं होती. कडा उठलेल्या, मधे खरबरीत, अगदी अंगावरच्या गजकर्णासारखी.

उर्जिता एका वर्तुळाच्या काठाशी वाकली. आत लवणीची रोपं दाट उभी होती, पाती मिठानं पांढरी. भोवती आत्याचं भात पिवळं पडून आडवं झालेलं. मातीवर मिठाची साय धरलेली. तिनं क्षारमापकाची काडी खुपसली आणि आकडा बघून पटकन हात मागे घेतला, जणू काडी चावली.

"मॅडम, इथली माती बांधाबाहेरच्यापेक्षाही खारी आहे. पण हे मीठ आलं कुठून?"

"खालून," मॅडम हळूच म्हणाल्या. "या सगळ्या गोड्या जमिनीच्या पोटात जुनं समुद्राचं पाणी आहे. वर पावसाचं गोडं पाणी तरंगतंय, दुधावरच्या सायीसारखं. हिची मुळं ती साय भेदून खाली गेली. इथं पाती कापायला कोणी नाही. रोज दंव पडतं, पानांवरचं मीठ धुऊन खाली येतं. ती खालचा समुद्र वर उपसतेय, उर्जिता. स्वतःच्या पिल्लांसाठी."

उर्जिताला ते कळायला एक क्षण लागला. मग ती मनातल्या मनात वर्षं मागे मोजू लागली. लवणीला एक गुण खाडीकाठच्या रानभाताकडून मिळाला होता: दाणा पिकला की लोंबीत थांबत नाही, वाऱ्यानंसुद्धा झडतो. म्हणजे हे या वर्षाचं दुखणं नव्हतं. दोन वर्षांपूर्वी दोन-चार रोपं आली असणार, भातात भात, कोणाच्या लक्षात येणार? त्यांचे दाणे झडले, वाऱ्यानं, पाण्यानं, पाखरांनी शेतभर पसरले आणि झोपले. झाडांच्या बुडाशी माती खारट होत गेली तसे तिथले दाणे उठले. त्यांनी आणखी मीठ वर काढलं. मग त्यांच्या पलीकडचे उठले.

शेवटच्या वर्तुळापासून तळ्याचा बांध हाकेच्या अंतरापेक्षाही जवळ होता. दहा-पंधरा पावलं, बस. त्या तळ्याचं पाणी अख्खा गाव प्यायचा. दुसरं गोडं पाणी चार गावांत नव्हतं.

"पण पहिली? अगदी पहिली कशी उठली?" उर्जिता जवळजवळ ओरडलीच. "ती आली कशी ते समजतं. मळणीयंत्र आधी खाऱ्या पट्ट्यात फिरतं, मग इकडे येतं. चार दाणे पात्यांत अडकून आले असतील. पण तेव्हा ही जमीन गोड होती! कळ उघडली कोणी?"

"पेरायच्या आधी बियाण्याला काय केलं होतंत, द्वारकाताई?" मॅडमनी विचारलं.

"काय करणार? निवडून घेतलं. माझ्यासारखं बी गावात कोणी निवडत नाय, सांगून ठेवते. लोक आळशी झालेत आता. मी टोपात पाणी घेते, अंडं सोडते, आणि अंडं वर येईस्तोवर..."

आत्याचं वाक्य संपायच्या आधीच उर्जिताच्या तळहाताला ते अंडं आठवलं. कोंबडीखालून काढलेलं, कोमट. लहानपणी ते आणायचं काम तिचंच. अंडं तरंगेपर्यंत पाण्यात मीठ घालायचं, मग त्यात बियाणं ओतायचं. पोचट दाणे वर येतात, ते फेकायचे. जड, भरलेले तळाशी बसतात, ते धुऊन, मोड आणून पेरायचे. हे तिनं इतक्या वेळा पाहिलं होतं की केंद्रात क्षारकळेवर बोलताना ते तिच्या डोक्यात एकदाही आलं नव्हतं. डोळ्यांच्या इतकं जवळ धरलेलं दिसत नाही, तसं.

आणि लवणीचा दाणा तर मिठानं जड. तो पहिला तळाशी जाणार. तो सगळ्यांत चांगला म्हणून निवडला जाणार.

"मॅडम, कळ उघडायला किती वेळ लागतो?"

"थोडाच. उधाणाचं पाणी येतं आणि ओसरतं, तेवढ्यात उघडली पाहिजे, म्हणून आपणच ती चटपटीत केली," मॅडम म्हणाल्या. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता. "आणि एकदा उघडली की बंद होत नाही."

आत्या दोघींकडे आळीपाळीनं बघत होती. "म्हणजे मी उठवली तिला?"

"नाही आत्या. आम्ही तिला मिठाची हाक ओळखायला शिकवलं. तू फक्त..." उर्जिता हातातली काडी पुसू लागली.

"मी फक्त चांगलं बी निवडलं," आत्या म्हणाली.

त्या दिवशी निम्मा गाव शेतात उतरला आणि दिसेल ते लवणीचं रोप उपटून बंद पिंपांत भरलं. वर्तुळं बोडकी झाली. लोकांनी हुश्श केलं. उर्जितानं नाही केलं. जाताना तिनं शेतातल्या चांगल्या, हिरव्या भागातली माती वाडग्यांत भरून घेतली, तळ्याच्या बांधाखालचीसुद्धा. केंद्रात आल्यावर प्रत्येक वाडग्यात थोडं खाडीचं पाणी ओतलं.

मग ती वाट बघत राहिली. जेवताना, आंघोळ करताना, एकच विचार: काही उगवू नये. आयुष्यात पहिल्यांदा ती बियांनी मरून जावं म्हणून देवाची करुणा भाकत होती.

तिसऱ्या सकाळी तिनं कक्षाचं दार उघडलं आणि उंबऱ्यातच थांबली. वाडग्यांतली माती दिसत नव्हती. इतके कोंब होते. टाचण्या खोचाव्यात तसे, सगळे सरळ, सगळे एकाच उंचीचे. जणू तिचीच वाट बघत उभे होते.

मॅडम तिच्या मागे येऊन उभ्या राहिल्या. कोणीतरी भीतीनं "आई गं" म्हणालं. ते आपण होतो की मॅडम, हे उर्जिताला शेवटपर्यंत कळलं नाही.

"जाळून टाकू?" थोड्या वेळानं ती म्हणाली.

"चिखलातलं बी जळत नाही."

"औषध मारू?"

"शेजारी पिण्याचं तळं आहे."

"मग माती खरवडून नेऊ सगळी!"

"आणि टाकशील कुठे? जिथे टाकशील तिथे तीही जाईल." मॅडम खुर्चीत बसल्या. एरवी ताठ असणारी ही बाई एकदम म्हातारी दिसू लागली. "गोड्या मातीत ती वर्षानुवर्षं पडून राहील. दिसणार नाही, सापडणार नाही. आणि कुठेही जरा मीठ साचलं, एखादं जरी रोप उभं राहिलं, की पुन्हा वर्तुळ. तळं गेलं की गाव उठून जाईल. गावानंतर खाडीच्या वरच्या अंगाची सगळी गोडी शेतं आहेत. झोपलेल्याला मारता येत नाही, उर्जिता. तीच तर आपण तिची खुबी म्हणून मिरवली."

उर्जिता वाडग्यांकडे बघत होती. एक विचार तिच्या मनात आला, आणि तो इतका भयंकर होता की तिनं आधी दुसरीकडे बघितलं, तो निघून जाईल म्हणून. तो गेला नाही.

"झोपलेल्याला मारता येत नाही," ती म्हणाली. "जागं असलेल्याला येतं. या वाडग्यात आता एकही झोपलेला उरला नसेल."

"मग?"

"सगळ्यांना एकदम उठवायचं. सगळ्या शेताला एकदम मीठ द्यायचं. मॅडम, समोर उघाडी आहे."

उघाडी म्हणजे बांधातलं लाकडी फळ्यांचं दार. पावसाचं पाणी बाहेर सोडायला उघडायचं आणि भरतीला घट्ट बंद ठेवायचं. भरतीच्या वेळी ती उघडी ठेवणं हे खारगोठ्यात पाप होतं. लहान मुलांना राक्षसाची भीती नाही घालायचे, उघाडी फुटेल म्हणायचे.

आत्याला सांगायला उर्जिता एकटी गेली. आत्या ओटीवर सुपात कोलीम, म्हणजे बारीक जवळा, निवडत बसली होती. तिनं सगळं ऐकून घेतलं. बोटं चालूच होती.

"परत बोल."

"अमावस्येच्या भरतीला शेतात समुद्र घ्यायचा, आत्या. तळ्याच्या भोवती बांध चढवून घेऊ, तिकडे थेंब जाणार नाही. पण तुझं शेत..."

"माझं शेत!" आत्यानं सूप बाजूला सरकवलं. "मी लग्न होऊन आले तेव्हा तिथं मीठ फुललेलं. सासू म्हणायची, घरतांची पोर पांढऱ्या पायाची, शेत पण पांढरं. तुझ्या आतोबांनी आणि मी पाऊस अडवून अडवून ती जमीन धुतली. पहिलं गोडं भात झालं तेव्हा ते नुसता कोरडा भात खात बसले. आमटी नको म्हणाले. आणि आता तू शिकून आलीस नि सांगतेस समुद्र आण?"

"हो," उर्जिता म्हणाली आणि तिला रडू फुटलं. सगळा आत्मविश्वास, ओळखपत्र, बीजवैज्ञानिक, सगळं गळून पडलं. "मला भीती वाटते गं. नाही केलं तर तळं जाईल याची वाटते, आणि केलं तर तुझं शेत जाईल याची."

आत्या उठून तिच्याजवळ आली. मग पदरानं भाचीचं नाक पुसत ती म्हणाली, "शेंबूड पण खाराच. बघ हो, तिकडं सांडू नको, उगवेल काहीतरी."

उर्जिता रडता रडता हसली.

"उघाडी मी उघडणार," आत्या म्हणाली. "माझ्या घरात समुद्र येणार असला तर दार मी काढेन. त्यानं फोडून यायचं नाय."

अमावस्येला भर दुपारी भरती चढली. सगळा गाव बांधावर उभा होता. आत्यानं पहिली फळी उचलली, दुसरी उचलली, आणि पाणी गुरासारखं मुसंडी मारत आत शिरलं. करडं, फेसाळ. भाताचा पोपटी शेंडा न् शेंडा थरथरला आणि पाण्याखाली गेला. आत्या शेवटपर्यंत बघत होती. उर्जिताच्यानं बघवलं नाही.

ओहोटीला पाणी गेलं. भात दोन दिवसांत करपून मातीला चिकटलं. शेत तपकिरी, वास मारणारं, मेलेलं. आणि मग एका सकाळी ते हिरवं झालं.

नुसतं हिरवं नव्हे. बांधापासून बांधापर्यंत, वर्तुळात, वर्तुळाबाहेर, पायवाटेवर, बांधाच्या उतारावर, जिथे जिथे समुद्र टेकला होता तिथे पाय ठेवायला जागा नव्हती. इतकं बी गेले दोन पावसाळे त्यांच्या पायाखाली श्वास रोखून पडलं होतं. बांधावरची माणसं आपोआप एक पाऊल मागे सरली.

"बापरे, एवढी?" कोणीतरी कुजबुजलं.

"उपटा!" उर्जिता किंचाळली. "उपटा सगळी!"

माणसं धावली. पण परुळेकर मॅडम हात आडवे करून मधे उभ्या राहिल्या.

"थांबा! उपटू नका!"

"मॅडम?"

"उर्जिता, समुद्र आत घेतलास. आता हे मीठ बाहेर कोण नेणार?"

उर्जिता उभीच राहिली. तिनं धावलेल्या माणसांना हातानं मागे बोलावलं. पावसाच्या भरवशावर बसलं तर जमीन गोड व्हायला आत्याचं उरलेलं आयुष्य पुरलं नसतं, आणि मधल्या काळात तेच मीठ झिरपत तळ्याकडे सरकलं असतं. मीठ उपसून नेणारं जगात एकच होतं, आणि ते समोर वाऱ्यावर डुलत होतं.

म्हणून मग ज्याची भीती वाटत होती त्याचीच गावानं राखण केली. दर आठवड्याला पाती कापायची, दंव पडायच्या आत टोपल्या भरून खाडीवर न्यायच्या, धुवायच्या. लोंबी बाहेर पडायच्या आधी शेंडे छाटायचे. एकसुद्धा दाणा भरता कामा नये. रोज संध्याकाळी बायका ओळ धरून शेतातून चालायच्या, प्रत्येक रोप हातानं वेगळं करून बघायच्या. बोटांना मिठानं चिरा पडल्या. आत्या सगळ्यांच्या पुढे.

"पोरीच्या डोक्यातल्या उवासुद्धा मी इतक्या मन लावून बघितल्या नाहीत," ती म्हणायची. पण हसायचं कोणी नाही.

उर्जिताला स्वप्नात लोंब्या दिसत. भरलेल्या, वाकलेल्या, आणि वारा सुटलेला.

मातीचा खारटपणा हळूहळू उतरत गेला. पुढच्या पावसानं हात दिला. त्याच्या पुढच्या वर्षी क्षारमापकाची काडी खुपसली तर आकडा चक्क तळ्याच्या मातीइतका. उर्जितानं दहा ठिकाणी मोजलं, मग मॅडमनी मोजलं. मातीतलं मीठ संपलं तशी लवणी स्वतःच रोडावली, उरलेली रोपं बोटभर असतानाच उपटली. शेत गोड झालं होतं! गावानं तळ्याच्या काठावर जेवण घातलं. आत्यानं साधं भात पेरलं. या खेपेला अंडं, मीठ काही नाही, नुसत्या गोड्या पाण्यात निवडलेलं. कोंब आले. रोपं लावून झाली. सगळं पुस्तकातल्यासारखं.

सगळे खूश होते, आणि उर्जिताला झोप येत नव्हती.

कारण गोड माती म्हणजे काय, हे तिला आता कळलं होतं. बायकांच्या ओळीतून एखादी लोंबी सुटली असेल तर? पाखरानं एक नेऊन टाकली असेल तर? तो दाणा आता गोड मातीत असेल. झोपलेला. कुठलाही मापक त्याला दाखवणार नाही. जमीन खरंच स्वच्छ असली तरी अशीच दिसेल, आणि नसली तरी अशीच. डुलणारं हिरवं भात काहीच सांगत नव्हतं.

विचारायचा एकच मार्ग होता.

एके सकाळी ती कळशीभर खाडीचं पाणी घेऊन शेतावर गेली. कोणाला सांगितलं नाही. कोपऱ्यातली पाचेक रोपं काढून हातभर जागा मोकळी केली, भोवती मातीचा कठडा केला आणि पाणी ओतलं. रोज जाऊन बघायची. गुडघ्यावर बसून, नाक मातीला लागेल इतकं वाकून. चौथ्या दिवशीसुद्धा माती तशीच होती. बोडकी, काळी, सुंदर. तिला इतका आनंद झाला की ती तिथेच चिखलात फतकल मारून बसली.

"नाय उगवलं?"

द्वारकाआत्या मागे उभी होती. किती वेळ उभी होती कोणास ठाऊक.

"नाही, आत्या! काहीच नाही!"

"बरं झालं." आत्यानं कमरेवरची कळशी खाली ठेवली. ती खाडीच्या पाण्यानं काठोकाठ भरलेली होती. तिनं शेजारची चार रोपं मुळासकट उपटली आणि बाजूला ठेवली, कुठंही घाई नाही. "हा हातभर तुकडा झाला. आता त्याच्या शेजारचा."

उर्जितानं मान वर करून शेताकडे पाहिलं. वारा आला होता आणि भात या बांधापासून त्या बांधापर्यंत एकसारखं हलत होतं. शेत केवढं मोठं होतं.